बाईंच्या पडवीत घातलेलं गाऱ्हाणं

आधीच सांगून टाकते. रत्नागिरीतल्या एका पडवीत आम्ही दहा-बारा बायकांनी डोळे मिटून बसल्यामुळे जगात शांती येते, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. बाईंना तसं तोंडावर मी कधी म्हटलं नाही. एक तर त्या मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळच्या, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या पडवीत संध्याकाळी खाडीवरून जो वारा येतो तो आमच्या घरात येत नाही. तेव्हा मी जायची, बसायची, डोळे मिटायची. आणि मनात म्हणायची, आपण बसलो काय नि न बसलो काय, तिकडे तोफा डागणाऱ्याला कोण जाऊन सांगणार आहे?

बाई म्हणजे आमच्या आळीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली, म्हणून त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, नुसतं बाई. त्या एकदा घाटावर कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि आल्या त्या हे घेऊन आल्या. दर गुरुवारी संध्याकाळी ठरल्या वेळेला ठिकठिकाणी माणसं एकत्र बसतात, आधी मन निवू देतात, आणि मग सगळे मिळून एकच संकल्प धरतात, की जगात शांती नांदो. आपणही बसायचं, म्हणाल्या. आम्हाला पटेना, तसं त्यांनी रापणीचं उदाहरण दिलं. किनाऱ्यावर रापण ओढताना एकट्या माणसाने कितीही जोर केला तरी दोर वीतभर हलत नाही. पण सगळ्यांनी मिळून एकदम ओढला की एवढं मोठं जाळं समुद्रातून वाळूवर येतं. मनाचंही तसंच आहे, बाई म्हणाल्या.

आमच्यात शेवंता होती, मासळी विकणारी. ती लगेच म्हणाली, "ता खरा, पण बाई, मासळीचा वाटा कसा घालायचा ता आदी ठरवा. मागनं भांडणा नकोत." बाईसुद्धा हसल्या. अशा हसत-खेळत आम्ही बसायला लागलो. पहिले काही गुरुवार शेवंताला डोळे मिटले की बांगड्याची पाटीच दिसायची, आणि मला डुलकी यायची.

बसण्याची रीत ठरलेली होती. आधी गप्प बसायचं. मग जिची पाळी असेल तिने शेवटी मोठ्याने संकल्प म्हणायचा, "सर्व विश्वात शांती नांदो, सर्व जीव सुखी होवोत," आणि बाकीच्यांनी तो मनात धरायचा. बाईंचा एक नियम मात्र कडक होता. इथे घरचं मागायचं नाही. "घरचं मागायला प्रत्येकीच्या घरी देव्हारा आहे," त्या म्हणायच्या. "इथे आपण जगासाठी बसतो." नियम चांगलाच होता. पण माझी अडचण अशी, की विश्व म्हटलं की माझ्या हाताला काही लागायचंच नाही. बाईंच्या कपाटावर शाळेतला जुना पृथ्वीचा गोल होता, तोच डोळ्यासमोर यायचा, रंग उडालेला. त्या गोलाला शांती लाभो म्हणताना मला मनातून ओशाळल्यासारखं व्हायचं. घरी आले की आमचे हे विचारायचे, "झाली का जगात शांती? मग आता जरा चहाचं बघ." हे एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. जे स्पॅनरने घट्ट होत नाही ते त्यांच्या लेखी सैलच.

माझ्याबरोबर हलिमा यायची. आमच्या दोघींच्या आवारांच्या मध्ये जांभ्या दगडाचा एक गडगा, कमरेएवढा. त्या गडग्यावरून आमची उभी हयात मीठ, विरजण, कोकमं आणि बातम्या इकडून तिकडे गेल्या. तिचा नवरा बोटीवर होता, तो लवकर वारला, पुढे तिचा मुलगा यूसुफही बोटीवरच लागला. ती पहिल्यांदा आली ती मला हाक मारायला म्हणून, आणि पायरीवरच टेकली. बाई म्हणाल्या, वर ये. तशी म्हणाली, "येतंय, पण बाई, मी मनात माझा म्हणेन हां." बाई म्हणाल्या, "तुझंच म्हण. माझं म्हणायला मी आहे." तिच्या दिराने घरी कुरकुर केली, तर त्याला म्हणे तिने सांगितलं की नमाज सोडून जात नाही, एक नमाज झाली की जाते आणि मगरीबच्या, म्हणजे तिन्हीसांजेच्या बांगेच्या आत परत येते, मधल्या वेळात गप्प बसले तर कोणाचं काय जातं? तिचं बसणं आमच्या सगळ्यांत चांगलं होतं. एकदा बसली की पदरही हलायचा नाही. मी एकदा विचारलं, तुला कसं गो जमतं? म्हणाली, "वयनी, बोटीवर गेलेल्याची वाट बघत जलम गेला. गप बसायचा आमाला शिकवावा लागत नाय."

आता मूळ गोष्टीकडे येते. माझा मुलगा प्रकाश, तो यूसुफच्या पाठोपाठ बोटीवर लागला. ह्यांच्या मनात त्याला डेपोत चिकटवायचं होतं. पण यूसुफ रजेवर आला की घड्याळ, टेपरेकॉर्डर, गोष्टी, आणि आमचा हा त्याच्या मागे मागे. शेवटी यूसुफनेच कंपनीत शब्द टाकला आणि प्रकाश त्याच मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत तेलपाण्याच्या कामाला लागला. हे तेव्हा काही बोलले नाहीत, पण गिळून बोलले नाहीत. त्या वर्षांत तिकडे इराण आणि इराकची लढाई चाललेली. आधी ती जमिनीवर होती तोवर आम्हाला तिचं काही वाटलं नाही. मग ते एकमेकांच्या बंदरांकडे जाणाऱ्या बोटींवर मारा करायला लागले. आखातात जाणाऱ्या बोटीवर रत्नागिरीचं माणूस नाही असं होत नाही. तेव्हापासून आमच्या आळीत दुपारच्या बातम्यांना भांडी घासायची थांबायला लागली.

आणि एके दुपारी रेडिओने त्या बोटीचं नाव घेतलं. नाव मी इथे लिहीत नाही, हाताला लिहवत नाही. मारा झाला, आग लागली, कर्मचाऱ्यांचा शोध चालू आहे, एवढंच. कोणी मारलं तेही सांगितलं नाही आणि आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच मांडीवर ठेवून किती वेळ बसले कोणास ठाऊक. ह्यांनी चप्पल अडकवली आणि नाक्यावरच्या दुकानातून मुंबईला कंपनीच्या कचेरीत ट्रंककॉल लावला. तिकडून उत्तर आलं, अजून काही कळलेलं नाही, कळलं की कळवू. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दुकानदार पुढे पुढे ह्यांना बघितलं की स्वतःच फोन पुढे सरकवायचा आणि तोंड दुसरीकडे करायचा.

माणसाला दुःख झालं की त्याला कोणीतरी गुन्हेगार लागतो. आखातातला तोफवाला काही हाताशी नव्हता. गडग्यापलीकडे हलिमा होती, कपडे वाळत घालत. हे अंगणातूनच म्हणाले, "तुझ्या यूसुफने नेलं माझ्या पोराला." ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात, म्हणून जास्त लागलं. ती हातातला कपडा तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, माजा पण त्याच बोटीवर हाय." आणि आत गेली. तिचं दार त्या आळीत दिवसा कधी बंद नसायचं, ते त्या दिवशी बंद झालं. मला ह्यांचा राग आला आणि ह्यांची दयाही आली. रात्री जेवताना ताटात भात चिवडत बसायचे आणि मी जेवले की नाही हे बघायला चोरून मान वर करायचे. अशा माणसाशी भांडणार तरी कशी?

असा गुरुवार उजाडला. मी जाणार नव्हते. पण त्या गुरुवारी संकल्प म्हणायची पाळी नेमकी माझी होती, आणि पाळी चुकवायची नाही हे एवढं आयुष्यभर अंगात मुरलेलं. पाण्याची पाळी असो, देवळातल्या दिव्याची असो. केस सारखे केले, निघाले, आणि पाय आपोआप हलिमाच्या दाराकडे गेले. तिने दार उघडलं. चेहरा ओढलेला.

"चल," मी म्हटलं.

"मी काय येऊ वयनी. दादांना आवडायचा नाय."

"दादा कुठे येतायत तिथे? माझी पाळी आहे. तू शेजारी नसलीस तर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही."

तिने डोक्यावरून ओढणी घेतली आणि ती बाहेर पडली.

पडवीत सगळ्याजणी होत्या. कोणी काही विचारलं नाही, शेवंतानेसुद्धा नाही. बाईंनी माझा हात धरून मला बसवलं आणि एवढंच म्हणाल्या, "जमलं तर म्हण. नाही जमलं तर मी म्हणेन." आम्ही डोळे मिटले. इतके गुरुवार बसले, पण तो गप्पपणा मला पहिल्यांदा कळला. आधीच्या गुरुवारी प्रत्येकीच्या मनात तिचं तिचं चाललेलं असायचं. त्या दिवशी सगळ्याजणी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबल्या होत्या, आणि ते मला डोळे मिटूनही कळत होतं. जड ओझं डोक्यावर असावं आणि दोन्ही बाजूंनी कोणी हात लावावा, तसं.

मग संकल्पाची वेळ झाली. मला म्हणायचं होतं, सर्व विश्वात शांती नांदो. हजारदा ऐकलेले शब्द. तोंड उघडलं आणि ते शब्द काही केल्या सापडेनात. आणि त्याऐवजी जे बाहेर आलं ते ऐकून मीच चपापले. माझे वडील आमच्या गावी, आत संगमेश्वराकडे, देवळात गाऱ्हाणं घालायचे. शिमग्याला, पेरणीला, गावावर काही संकट आलं की वडील देवापुढे उभे राहायचे, सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगायचे, आणि प्रत्येक मागण्याला मागे उभी माणसं म्हणायची, व्हय महाराजा. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. मी लहानपणी नुसतं खांबाआडून ऐकलेलं. तेच तोंडून निघालं.

"बा देवा महाराजा," मी म्हटलं, "आज जी लेकरं तुज्या पायाशी जमली हायत, त्यांचा गाऱ्हाणा ऐक."

आणि सगळ्याजणी एका आवाजात म्हणाल्या, "व्हय महाराजा."

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी इतके महिने त्यांना मौन शिकवलेलं. पण कोकणातल्या माणसाच्या कानावर बा देवा महाराजा पडलं की व्हय महाराजा आल्याशिवाय राहत नाही. मी डोळे किलकिले करून बघितलं तर खुद्द बाईंचेही ओठ हलले होते. मग मला थांबवेना. माजा प्रकाश, हलिमेचा यूसुफ, पाण्यात असतील, आगीत असतील, त्यांची राखण कर. व्हय महाराजा. त्या बोटीवर जो जो म्हणून हाय, कुठच्या का मुलखाचा असेना, त्याला कडेला लाव. व्हय महाराजा. घरचं मागायचं नाही हा बाईंचा नियम मोडत होता हे मला कळत होतं, पण त्याचबरोबर आणखीही काहीतरी कळत होतं. इतके दिवस जे विश्व माझ्या हाताला लागत नव्हतं, ते त्या दिवशी लागलं. ज्या पाण्यात माझा मुलगा आहे ते पाणी म्हणजे विश्व. त्या पाण्यावर आणखी कोणाकोणाचे मुलगे आहेत, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, एवढाच काय तो फरक.

गाऱ्हाण्यात शेवटाकडे एक मागणं येतं. ते ठरलेलं असतं. जो कोणी आमच्या वाटेत आडवा येईल, त्याचा पाय मोड, त्याला उभ्याचा आडवा कर. वडील ते म्हणायचे तेव्हा मागचा आवाज नेहमी चढायचा. मीही तिथवर आले. जो कोण आडवा आला, ज्याने ही तोफ डागली, त्याचा. आणि तिथे माझी जीभ अडकली. माझ्या मनात त्याच्याविषयी काही माया नव्हती, उगीच खोटं लिहीत नाही. पण शेजारी हलिमा होती. तिच्या हाताची बोटं माझ्या पदराच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळलेली होती, लहान मूल धरतं तशी. आमच्या अंगणातून तिच्यावर एक तोफ डागली गेलीच होती की. डागणाऱ्याला मी ओळखत होते. तो वाईट माणूस नव्हता. तो भात चिवडत होता. मला त्याचा पाय मोडून नको होता.

मी म्हटलं, "ज्याने तोफ डागली, त्याला पण त्याच्या घरला पोचव महाराजा. त्याची आई वाट बघते."

असं मागणं गाऱ्हाण्यात कोणी ऐकलेलं नाही, व्हय म्हणायचं की नाही हे कोणालाच कळेना. मलाही वाटलं, काय बोलून बसले मी. तेवढ्यात माझ्या शेजारून, अगदी हळू, हलिमा म्हणाली, "आमीन."

आणि मग सगळ्या म्हणाल्या, "व्हय महाराजा."

मी रडले नाही. सगळ्यांना वाटत होतं मी आता कोसळणार, शेवंता तर पाण्याचा तांब्या घेऊन तयार होती. पण मला आतून हलकं वाटलं. मुलगा परत येईल अशी खात्री वाटली म्हणाल, तर तसं काही नाही. खात्री अजिबात नव्हती. फक्त इतके दिवस मी त्याला एकटी ओढत होते, ते ओढणं हातातून सुटलं होतं, आणि सुटूनही तो पडला नव्हता. याहून नीट मला सांगता येत नाही. बाईंना मी म्हटलं, बाई, नियम मोडला. त्या चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "मला नाही वाटत मोडला. मी तुला विश्व म्हण म्हणत होते, ते तू म्हटलंस." शेवंता म्हणाली, "बाई, पुढच्या गुरवारला पण ह्याच म्हणूया. माका बांगड्याची पाटी नाय दिसली."

पुढे थोड्याच दिवसांनी, सकाळची मुंबईची एस.टी. येऊन गेल्यावर, एक माणूस हातात मोठी बॅग आणि खांद्याला दोरी बांधलेलं खोकं घेऊन आळीत आला. अंगावर परदेशी शर्ट, डोळे जागरणाने लाल. तो पत्ता विचारत हलिमाच्या दाराशी गेला. हे पडवीत दाढी करत होते. मी आत होते, मला फक्त हलिमाची हाक ऐकू आली. तिने मला नाही, ह्यांना हाक मारली, "दादा, दोगव हायत. दोगव हायत."

हे अर्ध्या दाढीने उठले. फाटकातून वळसा घालून जायचं सोडून ह्या माणसाने, त्या वयात, लेंगा सावरत गडगा ओलांडला. एक चप्पल आमच्या बाजूला राहिली. मी पोचले तेव्हा हे हलिमाच्या ओटीवर उभे होते, गालावर साबण, आणि म्हणत होते, "बस हलिमा, तू आधी बस." ती म्हणाली, "तुमी बसा, तुमचे पाय बगा कसे कापतायत." शेवटी दोघंही एकाच बाकावर बसले. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. त्या आळीत असल्या गोष्टींना शब्द लागत नाहीत.

त्या पाहुण्याने सांगितलं ते असं. तो गुहागरकडचा. आखातातल्या एका बंदरात इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. एक दिवस वॉर्डात चहा नेताना त्याला खाटेवरून आई गं असं ऐकू आलं. वळून म्हणाला, कुठचा रे तू? खाटेवरचा म्हणाला, रत्नागिरी. तो आमचा प्रकाश. दोन्ही हात भाजलेले, पण जिवावरचं टळलेलं. शेजारच्या खाटेवर यूसुफ, पाय मोडलेला. बोट पेटल्यावर दोघांनी पाण्यात उडी टाकली होती. कोणी कोणाला धरलं होतं, ते दोघंही आजवर वेगवेगळं सांगतात, आणि प्रत्येकजण म्हणतो की दुसऱ्याने मला धरलं. त्यांना पाण्यातून उचललं ते एका मासेमारी होडीने. तिचा म्हातारा तांडेल कुठल्या बाजूचा ते त्यांना कळलं नाही, भाषा येईना. त्याने त्यांना खजूर खायला घातले, स्वतःची कांबळी त्यांच्या अंगावर पांघरली. होडीत एका तरुण शिपायाचा फोटो अडकवलेला होता. म्हातारा त्या फोटोकडे बोट करायचा, मग प्रकाशकडे बोट करायचा, आणि छातीला हात लावायचा. त्याचा शिपाई जिवंत होता की गेला होता, तेही त्यांना विचारता आलं नाही.

गोंधळात कंपनीपर्यंत दोघांची नावं पोचायला वेळ लागला. तार आमच्याकडे नंतर आली. पण हा गृहस्थ त्याच आठवड्यात रजेवर निघाला होता, आणि यूसुफने त्याला पत्ता सांगितला. मी त्याला विचारलं, गुहागर सोडून तू आधी इकडे कसा आलास बाबा? तुझी आई वाट बघत असेल. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "मी येणार हे आईला ठाऊक आहे. ती आणखी एक दिवस थांबेल. तुमचं थांबणं तसं नव्हतं." घावन खाल्ले, आणि पुढच्या गाडीने गेला. ह्यांनी त्याचं खोकं स्टँडपर्यंत स्वतः उचललं.

आता कोणी म्हणेल, तुम्ही गाऱ्हाणं घातलंत त्याच्या आधीच मुलं पाण्यातून निघाली होती, मग तुमच्या पडवीचा संबंध काय? मी हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मग त्याच्या आधीचे गुरुवार कुठे गेले? दोन्ही बोलणी मला खरी वाटतात आणि मी त्यात पडत नाही. कारण त्या पाहुण्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्या बोटीवरचा स्वयंपाकी, तरुण मुलगा, दूर दक्षिणेकडचा, तो गेला. त्याला कोणी उचलू शकलं नाही. त्याच्या आईने काय कमी मागितलं असेल? माझ्याहून कमी रडली असेल? माझ्या मागण्यात जोर होता आणि तिच्यात नव्हता, असं मी म्हणाले तर देव माझं तोंड बघणार नाही. तो पाहुणा येऊन गेल्यावरच्या गुरुवारी हलिमा आणि मी शेजारी बसलो तेव्हा आनंद होता, पण तो आम्हाला मोठ्याने करवेना. मी त्या माउलीला मनात घेतलं. तिचं नाव मला ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही. पण आता विश्व म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर गोल येत नाही, ती येते.

प्रकाश आणि यूसुफ घरी आले, महिनोन्महिने राहिले, बरे झाले. आणि बरे झाल्यावर, समुद्राचं माणूस करतं तेच केलं, परत जायला निघाले. लढाई तेव्हाही चालूच होती. हे काही बोलले नाहीत, ह्या खेपेला गिळूनही नाही. यूसुफचा पाय थंडीत दुखतो म्हणून त्यांनी स्वतः जाऊन त्याच्यासाठी लोकरीचे मोजे आणले. प्रकाश मला म्हणाला, "आई, जाऊ ना?" मी जा म्हटलं. ते म्हणताना माझं मन स्वच्छ होतं. तो माझाच आहे असं मला तेव्हा पूर्वीसारखं वाटत नव्हतं. तो त्या पाण्यावरच्या सगळ्यांपैकी एक आहे, आणि सगळ्यांना जो बघतो तो ह्यालाही बघेल. बघणं म्हणजे वाचवणंच असं नाही, हेही मी शिकले होते. तरीसुद्धा जा म्हटलं.

काही वर्षांनी ती लढाई थांबली. रेडिओवर ऐकलं, तेव्हा पडवीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही थांबवली असं आमच्यातलं कोणी म्हणत नाही. आम्ही ती थांबावी असं म्हणत होतो, अनेक ठिकाणी अनेक माणसं म्हणत होती, त्यात आमचाही आवाज होता, एवढंच. त्या गुरुवारीही बसलो, आणि नंतरही बसत राहिलो, कारण जगात लढाई काही तेवढी एकच नव्हती.

देवा, तुझे उपकार माझ्यावर पुष्कळ आहेत. मुलगा परत दिलास, शेजारीण परत दिलीस, ते तर आहेतच. पण हात जोडताना मला नेहमी आठवतो तो वेगळाच उपकार. मुलगा वाचल्याचं कळल्यावर शत्रूलाही घरी पोचव म्हणणं सोपं होतं, आनंदात कोणीही म्हणेल. माझ्याकडून ते कळायच्या आधी वदवलंस. तो आहे की नाही हे ठाऊक नसताना, हात रिकामे असताना वदवलंस. ते मी कुठून बोलले, मला आजही ठाऊक नाही, आणि त्या वेळी माझ्या पदराला जिने धरून ठेवलं होतं, तिलाही ठाऊक नाही.